भिंतीपलीकडचा टीव्ही

मोडनिंबला आत्याच्या गच्चीवर आग्नेयेकडे तोंड करून टीव्हीची तबकडी उभी होती. गावात तिला छत्री म्हणतात. आत्याची छत्री फुकटची होती. एकदा बसवली की पुन्हा रिचार्ज करावा लागत नाही, मराठी बातम्या, शेतीचे कार्यक्रम, जुने सिनेमे, गाणी सगळं दिसतं. पूर्वी त्याच जागी बांबूवर अँटेना होता आणि चित्र टीव्ही केंद्राच्या मनोऱ्यावरून यायचं. ते बंद पडल्यावर बांबू कपडे वाळत घालायला गेला आणि छत्री आली. उन्हाळ्यात तिच्या पायाशी सांडगे वाळत. राखण करणाऱ्या कुणाचा धक्का लागला की चित्र जाई आणि आत्याचा आवाज महामार्गापर्यंत जाई.

ही छत्री उतरवायचं काम आत्येभावाने माझ्याकडे दिलं. तो पुण्यात असतो. आईला आंघोळीला गरम पाणी मिळावं म्हणून त्याने गच्चीवर सौर बंब बसवायचं ठरवलं होतं, आणि बंबाला सोयीची जागा नेमकी छत्रीखाली होती. छत्रीच्या बदल्यात त्याने इंटरनेटवर चालणारा मोठा टीव्ही घेतला. मी सोलापुरात एका वर्तमानपत्रात काम करतो, शनिवार-रविवार सुट्टी घेतली होती. टीव्ही गाडीत घालून सकाळी मोडनिंबला पोचलो.

नवा टीव्ही दुपारपर्यंत भिंतीवर चढला. आत्याने तो उभ्यानेच पाहिला.

"लई मोठा हाय की. बातम्या सांगणारी बाई घरात जेवायला आल्यागत वाटतीय."

जुना टीव्ही मात्र तिने फळीवरून हलवू दिला नाही. मी गच्चीवर निघालो तर म्हणाली, आधी जेव. भाकरी आणि शेंगाची चटणी झाल्यावर म्हणाली, ऊन उतरू दे. ऊन उतरल्यावर म्हणाली, "आज शनवार. लोखंडाला हात लावत न्हाईत."

शनिवारी लोखंड घरात आणू नये असं म्हणतात. बाहेर काढू नये असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी तसं तिला सांगितलं.

"तुमी पेपरवाले. तुमाला सगळं ठाऊक," ती म्हणाली आणि जुना टीव्ही लावून बसली.

बंबवाले सकाळी येणार होते. मी पाना शोधू लागलो. खिळ्याला टांगलेला पाना जागेवर नव्हता, आणि आत्याला त्याच्याबद्दल काहीच आठवत नव्हतं. म्हणून तो मागायला शेजारी गेलो.

शेजारच्या भाभी आत्याच्याच वयाच्या. त्यांचे यजमान ट्रक चालवत, ते गेल्यापासून त्या एकट्या असतात. दोन घरांमध्ये भिंत एकच. त्या चपात्या लाटत होत्या आणि टीव्हीवर जुनं गाणं चालू होतं. मी दारात उभा असतानाच गाणं आपोआप गेलं आणि कांद्याचे बाजारभाव आले. रिमोट कुठेच दिसत नव्हता. भाभींनी मान वर न करता लाटणं भिंतीवर आपटलं.

"वैनी! गाना चल रहा था ना!"

पलीकडून आत्याचा आवाज आला. "बाजारभाव झालं की लावती!"

मग मला वायर दिसली. भिंतीला वरच्या बाजूला भोक होतं, त्यातून ती आत्याच्या टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सच्या डब्यापासून भाभींच्या टीव्हीत आली होती. छत्री एक, डबा एक, टीव्ही दोन. आत्या जे लावेल ते इकडे दिसत होतं.

"पाना कायको?" भाभींनी विचारलं. मी सांगितलं.

लाटणं क्षणभर थांबलं. "उतार लो बेटा. हमारा क्या हय. मोबाईल हय की." त्यांनी फळीवरचा पाना काढून दिला. मोबाईल तिथेच होता. बटणांचा.

मी पाना घेऊन आलो तेव्हा आत्याने टीव्ही बंद केला.

"कळलं व्हय?"

"आधी का नाही सांगितलंस? भाभींना वेगळी छत्री घेऊन देऊ. दादा नाही म्हणणार नाही."

"म्हणून तर न्हाय सांगितलं. तो लगेच धाडंल. मग ती तिचं बघंल, मी माजं बघंन. भांडायचं कुणाशी? ह्याच्याशी?" तिने नव्या टीव्हीकडे बोट केलं. "मला बंब नको. इतकी वर्सं चुलीवर पाणी तापलंच की."

मी म्हणालो, छत्री भाभींच्या गच्चीवर नेऊ. हाताच्या अंतरावर आहे. वायर तीच, भोक तेच.

उत्तर भिंतीतून आलं. "हमारी छत, तो डब्बा बी हमारे घर! रिमोट बी!"

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. बंब सोडायला ती एका वाक्यात तयार झाली होती, रिमोट सोडायला तिला चहा करावा लागला. कप माझ्या हातात देत म्हणाली, "तिला सांग, साडेसातच्या बातम्या चुकता कामा न्हाईत."

"मैं सुन रही हूँ, वैनी."

"मी तुला न्हाय, ह्याला सांगतीय!"

सकाळी छत्री हलली. उतरवताना आत्याने आतून स्वतःहून आपला पाना आणून दिला, त्याला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. शनिवार संपला होता. भाभींच्या गच्चीवर मी तबकडी इंचाइंचाने फिरवत होतो आणि खालून दोन घरांतून सूचना येत होत्या. "आला, आला!" "कुटं आला? मुंग्या हायेत नुस्त्या!" "वैनी, वायर बराबर लगाव!" शेवटी दोन्हीकडून एकदम गाणं ऐकू आलं, तेव्हा मी नटबोल्ट आवळले. बंब दुपारी बसला. आत्येभावाला फोनवर सांगितलं, जागा मोकळी झाली.

संध्याकाळी निघण्याआधी चहाला बसलो. नव्या टीव्हीवर आत्याने भरतकामाचा रुमाल टाकला होता. जुना चालू होता. साडेसात वाजले, गाणं काही हटेना. आत्याने थोडी वाट पाहिली, मग स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि भिंतीवर आपटलं.

"रुको वैनी! गाना होने दो!"

"बघ, एका दिवसात मस्ती आली हिला," आत्या मला म्हणाली. ती हसत होती. चहा तसाच ठेवून तिने लाटणं पुन्हा उचललं.