आठ दिवस बंद ठेवलेला पंप

माझी मोठी बहीण, ताई, तीस वर्षं ओढ्यात उभी राहून इस्पितळाच्या चादरी धुवायची. दुपारपर्यंत साठ. प्रत्येक चादर वाहत्या पाण्यात तीनदा सोडायची. दोनदा सोडून तिने कधी भागवलं नाही. कधीमधी मदतीला जाणाऱ्या माझ्या बायकोला म्हणायची, "आजारी माणूस झोपणार आहे त्यावर. अंग कशाला चोरतेस?"

मी बोअर मारायचो. बर्फाच्या कारखान्याची बोअर मीच मारली, ओढ्यापासून साठ पावलांवर. भरपूर पाणी लागलं. मालक खूश, मीही खूश.

दुसऱ्या उन्हाळ्यात ताईच्या गुडघ्यापर्यंत असलेलं ओढ्याचं पाणी घोट्यावर आलं. चादरींना वाळू लागायला लागली. ती ओल्या कपड्यांनिशी कारखान्यात गेली.

"तुमचा पंप माझा ओढा पितोय."

"बाई, पंप जमिनीखालचं पाणी घेतो," मालक म्हणाला. "ओढा वरून वाहतो."

"मग उन्हाळ्यात ओढ्याला पाणी येतं कुठून? आभाळातून?"

शेवटी ठरलं. पंप आठ दिवस बंद. पाणी चढलं तर बोअर लांब घ्यायची, नाही चढलं तर ताईने पुन्हा विषय काढायचा नाही. मोजायचं मी, कारण दोघांचा माझ्यावर भरवसा.

ओढ्यात काठी रोवली. रोज सकाळी खूण केली. आठ दिवसांत पाणी चढलं तर नाहीच, उलट बोटभर उतरलं. दिसलं तेच मी सांगितलं.

"झालं समाधान?" मालक म्हणाला.

ताई माझ्याकडे वळली. "तू म्हणतोस तर नसेल पंपाचं."

वाळूच्या चादरी इस्पितळाने किती दिवस घ्याव्यात? काम गेलं. ती शहरात मुलाकडे राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर.

तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. महिनाभर ओढा तसाच. सहाव्या आठवड्यात, पावसाचा थेंब नसताना, पाणी गुडघ्याला आलं. जमिनीतून ओढ्याकडे झिरपणारं पाणी पंपाने वाटेतच ओढून घेतलं होतं, आत पोकळी केली होती. ती भरेपर्यंत ओढ्याला काही मिळणार नव्हतं. पंप थांबवला की बोअरमधलं पाणी सावकाश चढतं, हे मी जन्मभर बघितलं. आठ दिवस अपुरे आहेत, हे मलाच कळायला हवं होतं. मी हात चालवले, डोकं नाही.

सांगायला गेलो. ताई बादलीत रुमाल धूत होती, स्टुलावर बसून. गुडघे आता वाकत नव्हते.

"ताई, ओढ्याला पाणी आलं. गुडघाभर."

"कुणाच्या गुडघ्याला? तुझा गुडघा म्हणजे माझी कंबर."

हसलो दोघंही. मग मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता.

तिने रुमाल पिळला. झटकला. परत पिळला.

"सहा आठवडे?" ती म्हणाली. "तेवढी मी थांबले असते रे."