डॉक्टर राह्यले

“पाहून राह्यलो.”

डॉक्टरांना काहीही विचारा, उत्तर हेच. काय डॉक्टर, आज इकडं कुठं? पाहून राह्यलो. यंदा पीक कसं दिसतं? पाहून राह्यलो. नागपूरहून तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा इंग्रजीत प्रश्न विचारला, तेव्हासुद्धा तोंडातून आधी हेच निघालं आणि मग इंग्रजी.

बरं, ते खरोखरच पाहत असत. भर उन्हात वावरात उकिडवे बसायचे, मान टाकलेली पऱ्हाटी मुळासकट उपटायचे, अंगठ्याच्या नखानं मूळ उभं चिरायचे आणि उजेडाकडं धरायचे. आत तपकिरी रेघ दिसली की ‘च्च’ करायचे, ओळखीच्या घरातली वाईट बातमी कळावी तसं. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. आणि ती रेघ म्हणजे मर रोग. तो लागला की सकाळी हिरवंगार उभं असलेलं झाड दुपारी सुकतं आणि पुन्हा उठत नाही. या रोगाला पुरून उरेल असं वाण शोधायचं, हा आमच्या डॉक्टरांचा ध्यास होता.

यवतमाळबाहेर, घाटंजीच्या रस्त्याला आमचा सरकारी फार्म होता. मी तिथं फील्डमन. म्हणजे डॉक्टरांनी पाहायचं आणि मी झाडाला चिठ्ठी बांधायची.

वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झालेला माणूस त्या काळी आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता. त्यामुळं घाटंजीच्या बाजारात ते दिसले की लोक तापलेली लेकरं घेऊन यायचे. एकदा तांड्यावरचा एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, “बाबा, मी माणसाचा डॉक्टर नाही, पऱ्हाटीचा आहो.”

म्हातारा म्हणाला, “चालते न साहेब. पोरगंही पऱ्हाटीवानीच सुकून राह्यलं.”

डॉक्टरांनी दोघांना एसटीत बसवलं, स्वतःही बसले आणि यवतमाळच्या दवाखान्यात पोराला दाखवूनच घरी आले. बाजार राहिला तो राहिलाच.

आता बडे बाबूंची ओळख करून देतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट घडली नसती. बडे बाबू म्हणजे आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क. राज्य नवीन झालं आणि ते पुण्याकडून बदली होऊन आले. माणूस मनानं वाईट नव्हता, पण आमची भाषा ऐकली की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचं मराठी दुरुस्त करायचं व्रत त्यांनी घेतलं होतं.

“पाहून राह्यलो काय, डॉक्टर? पाहतो आहे, म्हणावं. राहण्याचा इथं संबंध काय?”

“संबंध आहे न बडे बाबू,” डॉक्टर शांतपणे म्हणायचे. “पाहाले गेलं का तिथं राहा लागते.”

डॉक्टरांच्या घरी ते आणि त्यांची माय, दोघंच. मायनं घाटंजीकडच्या खेड्यांत लोकांचा कापूस वेचून त्यांना शिकवलं होतं. छप्पन्न साली मायलेक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. बुद्धाची तसबीर घराच्या दर्शनी भिंतीवर होती. पण दीक्षेनं यांचं मन बदललं तरी आमचं लगेच कुठं बदलायला! डॉक्टर फार्मवर रुजू झाले तेव्हा पाणी वाढणारा गडी त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. पीएचडी झालेला माणूस आमच्यासमोर ओंजळ धरून पाणी प्यायचा. आज हे लिहितानाही मला राग येतो. डॉक्टर मात्र कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी स्वतःचा माठ आणला, प्रयोगशाळेच्या दारात ठेवला आणि सांगितलं, “ज्याले तहान लागन त्यानं प्यावं.” उन्हाळ्यात हळूहळू आम्ही सगळे प्यायला लागलो. बडे बाबू तेवढे आपला तांब्या घरून आणायचे.

साठ सालानंतरची गोष्ट. डॉक्टरांना विलायतेची फेलोशिप मिळाली. डॉक्टरेट झालेल्या निवडक लोकांना परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधन करायला बोलावतात, तसली. आम्हाला केवढा आनंद झाला! पण बातमी मायपर्यंत पोहोचली ती भलत्याच रूपात. ती हातातलं काम टाकून माझ्याकडं आली.

“भाऊ, माह्यं पोरगं फेल झालं म्हणते?”

“नाही माय, फेल नाही. फेलोशिप.”

“तेच तं. एवढं शिकलं अन् आता फेल झालं. म्हणूनच पुन्हा शिकाले धाडून राह्यले न? डॉक्टर झालेल्या माणसाले कोणी पुन्हा शाळेत घालते काय?”

तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं, की आधी दुसऱ्यानं दाखवलेलं शिकलो, आता कुणालाच ठाऊक नाही ते शोधायचं. मायला ते पटलं. पण लगेच दुसरी शंका आली.

“तिकडं पऱ्हाटी होते काय?”

“नाही माय. लय थंडी असते. काचेच्या घरात एखादं झाड लावतेत.”

“जिथं पऱ्हाटीचं झाड नाही तिथं पऱ्हाटी शिकाले चालला!” माय म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. मग डोळे पुसले. डॉक्टर बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाली, “भाऊ, येईन न तो वापस?”

मी म्हणालो, “येईल. माझा शब्द.”

शब्द देताना काय लागतं! तो निभावणं माझ्या हातात नाही, हे नंतर ध्यानात आलं.

डॉक्टर विलायतेला गेले आणि दोन वर्षं मी त्यांच्या प्रयोगाच्या पऱ्हाटीच्या ओळी सांभाळल्या. मर लागलेल्या वावरात जी झाडं तग धरून होती, त्यांचं बी वेगळं ठेवलं, पुन्हा पेरलं. माय रोज संध्याकाळी बांधावर यायची आणि विचारायची, “हे त्याचंच आहे न?” तिनं लेकासाठी गोधडी शिवायला घेतली होती. तो आला की अंगावर घालायची, असा बेत.

पत्रं यायची, मी वाचून दाखवायचो. अखेरच्या पत्रात डॉक्टरांनी लिहिलं होतं की इथले साहेब आणखी राहा म्हणून आग्रह करतात. त्यानंतर पत्रच नाही. फार्मवर चर्चा सुरू झाली. कायले येईन तो? तिकडं पगार, तिकडं मान. तिकडं कोणी जात विचारत नाही. हे शेवटचं कुणी बोललं की सगळे उठून कामाला लागायचे. मलाही ते खरं वाटायचं आणि म्हणूनच जास्त लागायचं.

अशात एका दुपारी ऑफिसातला फोन वाजला. ट्रंक कॉल! बडे बाबूंनी उचलला. नुसती खरखर. ते ‘हॅलो, हॅलो’ करून ओरडत होते, आम्ही दारात गोळा झालो. मिनिटभरात लाइन तुटली. बडे बाबूंनी रिसीव्हर ठेवला आणि चष्मा काढला.

“डॉक्टर होते. विलायतेहून.”

“काय म्हणाले?”

“आईला सांगा म्हणाले. मी राहिलो.”

बडे बाबूंचाही चेहरा उतरला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

मायला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. ती ओसरीत गोधडीला दोरा घालत बसली होती. मी सांगितलं. तिनं सुई थांबवली. मला वाटलं, आता ही मला माझ्या शब्दाबद्दल विचारणार. पण ती म्हणाली, “राह्यला तं राह्यला. तिथं त्याले कोणी वरून पाणी टाकत नसन.”

आणि गोधडीवरून हात फिरवत, “थंडी असते म्हणते तिकडं. हे गोधडी धाडता येईन काय, भाऊ?”

मला तिथं उभं राहवेना. मी वावरात गेलो आणि त्या ओळींकडं पाहत बसलो. इतका राग मला डॉक्टरांचा कधी आला नव्हता. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवत नव्हतं.

त्यानंतर एक दिवस सुनासुना गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी धामणगावची बस आल्यावर स्टँडवरून निघालेला एक टांगा फार्मच्या फाटकातून आत आला. वर दोन ट्रंका आणि मध्ये कोट घातलेला माणूस. टांगा थांबायच्या आत तो उतरला, ओळींच्या कडेला उकिडवा बसला आणि एका झाडाचं पान उलटं करून बघायला लागला.

मी धावत गेलो. “डॉक्टर! काय करून राह्यले?”

“पाहून राह्यलो,” ते म्हणाले.

मी त्यांना मिठी मारली. साहेबी कोटाला माझ्या हाताची माती लागली. मग त्यांच्या घरी गेलो, फार्मवरची मंडळीही मागोमाग आली. माय दारात आली, लेकाकडं बघितलं आणि चक्क रागावली.

“तू कायले आला? तू तं राह्यला होता न?”

“कोण म्हणते?”

“बडे बाबू.”

तोवर बडे बाबू गर्दीत मागं येऊन उभे होते. “डॉक्टर, तुम्हीच फोनवर म्हणालात, राहिलो.”

“मी कायले म्हणू? मुंबईले बोटीतून उतरलो अन् फोन केला. म्हणलं, मायले सांगा, येऊन राह्यलो.”

वाचकहो, तुम्ही वऱ्हाडातले असाल तर केव्हाच हसला असाल. खरखरीत ‘येऊन’ वाहून गेलं होतं आणि ‘राह्यलो’ तेवढं पोहोचलं होतं. बडे बाबूंनी ते आहे तसं सांगितलं असतं, तर आमच्यातल्या कुणीही विचारलं असतं, काय करून राह्यलो? जेवून, झोपून, का येऊन? पण त्यांनी ते दुरुस्त करून सांगितलं. एवढी खरखर म्हणजे समुद्रापलीकडूनच फोन असणार, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

“काय ही भाषा!” बडे बाबू घाम पुसत ओरडले. “तुम्ही लोक येतानाही राहता, जातानाही राहता! माणसानं समजायचं काय?”

माय आधी गालात हसली, मग खाली बसून हसली, मग हसता हसता रडायला लागली. तिच्याबरोबर आम्हीही. माझ्या छातीवरचं ओझं त्या दिवशी उतरलं. थोड्या वेळानं मायनं आतून पाण्याचा गिलास आणला आणि बडे बाबूंपुढं धरला. त्यांनी तो हातात घेतला आणि एका दमात रिकामा केला.

डॉक्टर पुढं काही वर्षं आमच्यात होते. त्या ओळींतून एक वाण निघालं, मर रोगाला पुरून उरलं. मग त्यांची दूरच्या फार्मवर बदली झाली. आम्ही यवतमाळच्या स्टँडवर पोचवायला गेलो. माय खिडकीशी गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. बस सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी मान बाहेर काढून आमच्याकडं बघत काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या घरघरीत माझ्यापर्यंत एवढंच पोचलं, “...राह्यलो!”

बस वळणावर दिसेनाशी झाली. त्यानंतर आमची भेट नाही. मी शेजारी उभ्या असलेल्या बडे बाबूंना विचारलं, “काय म्हणाले हो?”

बडे बाबू रस्त्याकडंच बघत होते. त्यांनी नाक ओढलं आणि माझ्यावर खेकसले, “काय म्हणाले म्हणून काय विचारून राह्यला? येऊन राह्यलो म्हणाले, दुसरं काय!”