टिश्यूने राखलेली खुर्ची

अननसाच्या केकचा वास आला की मला सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका छोट्या हॉलमधला तैवानी माहितीपटांचा महोत्सव आठवतो. मध्यंतरात खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून मी केक आणायला गेले. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या हॉलमध्ये, जागा अशीच धरतात, आणि ते पाकीट कुणी हलवत नाही. परत आले तर माझ्या जागेवर एक चिनी बाई बसलेली, पाकीट तिच्या मांडीवर. "पुढच्या फिल्मला इंग्लिश सबटायटल्स नाहीत, तुम्हाला काय कळणार?" ती इंग्रजीत म्हणाली. माझा नवराही पुटपुटला, "चल ना घरी." माझं डोकंच फिरलं. "कळेल नाहीतर नाही कळणार, जागा माझी आहे," म्हणत मी पाकीट उचललं आणि तिला शेजारच्या खुर्चीवर सरकायला लावलं. पडद्यावर एक म्हातारी फोनवर हसत बोलत होती आणि दुसऱ्या हाताने सुजलेला गुडघा चोळत होती. "मुलीला सांगतेय, सगळं ठीक आहे," ती बाई कुजबुजली. "कळलं मला," मी तितक्याच हळू ठणकावलं, आणि पाकीट फोडून एक टिश्यू तिला दिला, एक माझ्या डोळ्यांना लावला. हल्ली पुण्याहून आई फोनवर ‘मी मजेत’ म्हणाली, की मी दरडावते, "आधी सांग, दुसरा हात कुठे आहे?"