आईच्या डोळ्यांसाठी सोलापूर, आणि मागे लागलेला माणूस

आईचा हात चुलीतल्या विस्तवावर पडला, त्या दिवशी सोलापूरला जायचं ठरलं. तिला वाटलं, समोर पळी आहे. तळहात भाजला, तरी ती आधी म्हणाली, "कालवण सांडलं का गं?"

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमचं गाव नातेपुत्यापासून चालत तासाभरावर, माळावर. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे, ते जूनच्या तोंडाला परतायचे. घरात आई, मी आणि चार शेळ्या. मी अठरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली. आईचा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला होता. नातेपुत्याच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, "पिकलाय. वडलांची वाट बघत बसू नका. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथं पैसे लागत नाहीत."

मी सोलापूर पाहिलं नव्हतं. आईनं तर पंढरपूरच्या पुढचं जग पाहिलं नव्हतं, आणि आता बघायला डोळेही नव्हते. शेळ्या शेजारच्या तानूकाकीकडं बांधल्या. तानूकाकी दोन दिवस एकच सांगत राहिली, "कुणाशी बोलू नगंस. कुणाच्या हातचं खाऊ नगंस, पानी पिऊ नगंस. शेरात मानसं गोड बोलून नेत्यात." तिच्या माहेरची कोणी बाई पुण्याला गेली ती परत आलीच नाही म्हणे. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्या रात्री पहिल्यांदा ती खरी वाटली.

आज तुम्ही नातेपुत्याहून सोलापूरला निघालात तर रस्ता ऐसपैस आहे, गाडीनं अडीच-तीन तास पुरतात. तेव्हा सकाळी सहाची एसटी धरली तर दुपारचे बारा वाजायचे. तिकीट दोघींचं मिळून चौदा-पंधरा रुपये असावं. माळशिरस, वेळापूर, मग पंढरपूर, मग मोहोळ. वेळापूरला गाडी थांबली की खिडकीशी ओल्या शेंगा विकायला यायच्या, त्या घ्याव्यात असं माझं आजही मत आहे. पंढरपूरनंतर जमीन काळी होत गेली. ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि वाऱ्यानं सगळं रान एका अंगावर कलत होतं. मी आईला सांगत होते आणि ती तोंड खिडकीकडं करून ऐकत होती. मोहोळ सुटल्यावर ती म्हणाली, "धुराचा वास येतुया." मी पुढं पाहिलं तर आभाळाला टेकलेली गिरणीची चिमणी. एक, मग दुसरी, मग तिसरी. एवढं उंच, माणसानं बांधलेलं, मी काहीच पाहिलं नव्हतं.

सोलापूरच्या स्टँडवर उतरले आणि गाडीच्या दाराशीच उभी राहिले. चारी बाजूंनी माणसं. मराठी ओळखीची, बाकी तीन भाषा कानावर आदळत होत्या आणि कुठली कुठली आहे तेही कळत नव्हतं. आईनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. माझ्या खांद्यावर वळकटी, हातात भाकऱ्यांचं गाठोडं.

तेवढ्यात एक माणूस पुढं आला. पांढरा बुशशर्ट, मनगटात घड्याळ, केसाला तेल. आईच्या डोळ्यांकडं बघून म्हणाला, "दवाखान्यात निघालात ना ताई? चला, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. सरकारी दवाखान्यात कोण बघतंय तुम्हाला."

मी म्हणाले, "नको."

"अहो, तुम्ही नवीन दिसता. गाठोडं द्या इकडं." त्यानं गाठोड्याला हात घातला. मी मागं ओढलं, तसा त्याचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथंच राहिला. बोटं घट्ट झाली. आजूबाजूनं माणसं जात होती, कोणी बघत नव्हतं. त्या क्षणापर्यंत कुणा परक्या माणसानं मला हात लावला नव्हता. मी दंड हिसकला, आईला ओढलं आणि सुटले.

फाटकाशी टांगेवाले उभे होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "दवाखाना? बसा बेटी." मला त्याचीही भीती वाटली. मी मान हलवली आणि चालायला लागले. ही माझी मोठी चूक. वाट माहीत नव्हती, आणि विचारायला कोणावर विश्वास नव्हता. जिकडं गर्दी कमी तिकडं मी वळत गेले. आज मुलींना मी सांगते, घाबरल्यावर गर्दी सोडू नका. पण तेव्हा मला वाटलं, माणसं कमी तेवढा धोका कमी.

वळणं घेत घेत आम्ही शहराच्या पूर्व भागात शिरलो. अरुंद बोळ, बैठी घरं आणि प्रत्येक भिंतीतून खटाक खटाक आवाज. आतमध्ये माग चालत होते. जमीन थरथरत असल्यासारखं वाटत होतं. आई अचानक म्हणाली, "हिरे, त्यो मागनं येतुया."

"कोण?"

"मगाचा. त्याची एक चप्पल घासतीया. ठेसनापसनं ऐकतीया मी."

स्टँडला ती ठेसन म्हणायची. मी मागं वळून पाहिलं. बोळाच्या टोकाला पांढरा बुशशर्ट. मी बघितलं तसा तो भिंतीला टेकून विडी पेटवू लागला. मी आईचा हात धरला. म्हणाले, "आये, पळूया."

"पळायचं न्हाय," आई म्हणाली. "लांडगं आलं म्हंजी मेंढरं पळत्यात, आन् मंगच एक घावतं. कुनाचं दार उघडं हाय का बग."

दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. चाळिशीची, काळीसावळी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. तिची बोटं चालू होती आणि नजर आमच्याकडं होती. मी उंबऱ्याशी थांबले. ती माझ्या तोंडाकडं बघून मग बोळाच्या टोकाकडं बघू लागली. बोटं थांबली.

"रा अम्मा, कूर्चो," ती आईला तेलुगूत म्हणाली आणि हातानं चटई दाखवली. मग मोडक्या मराठीत मला, "बस. कोण आहे तो? तुझा माणूस?"

"नाही. स्टँडवरनं मागं लागलाय."

तिनं तांब्या पुढं केला. मला तानूकाकीचं बोलणं आठवलं. मी तांब्याकडं नुसतं बघत राहिले. बाईनं तोच तांब्या उचलला, स्वतः वरून दोन घोट घेतले आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवला. माझी मान खाली गेली. मी पाणी प्याले आणि आईलाही दिलं.

तिचं नाव नरसव्वा. ती म्हणाली, "दवाखाना या बाजूला नाही. तू उलटं आली. आता भोंगा होईल, आमी सगळ्या कारखान्यात विड्या द्यायला जातो. माझ्याबरोबर चल. पुढं रस्त्यापर्यंत सोडते."

थोड्या वेळानं गिरणीचा भोंगा झाला. आई दचकून उभीच राहिली. एवढा मोठा आवाज, पोटात शिरणारा, सगळ्या शहरावर पसरणारा. आणि तो थांबायच्या आत बोळातली दारं उघडू लागली. समोरच्या घरातून एक बाई निघाली, कमरेवर विड्यांची टोपली. शेजारून दोघी. पुढच्या घरातून सासू आणि सून. नरसव्वानं सूप ठेवलं, टोपलीवर ओलं फडकं टाकलं, आईचा हात धरला आणि आम्ही त्यांच्यात मिसळलो.

तो माणूस अजून टोकालाच होता. नरसव्वा सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कोण पाहिजे बे तुला?"

"कोणी नाही. मी... मित्राकडं आलोय."

"नाव सांग मित्राचं."

बायका थांबल्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उचलला नाही. वीस-पंचवीसजणी टोपल्या घेऊन त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि नाव ऐकायची वाट बघू लागल्या. तो भिंतीला घासत बाजूला झाला आणि भराभर निघून गेला. आता मलाही ऐकू आलं, त्याची एक चप्पल खरंच घासत होती.

मला वाटलं, इथं संपलं. पण खरं पाहायचं पुढंच होतं. आमचा बोळ दुसऱ्या बोळाला मिळाला, तिथूनही बायका येत होत्या. मग तिसरा बोळ. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांनी भरून गेला होता. लाल, हिरवी, पिवळी लुगडी, कमरेला टोपल्या, मोठमोठ्यानं बोलणं आणि हसणं. सायकलवाले उतरून कडेला उभे राहिले होते. एका ट्रकवाल्यानं इंजिन बंद करून हनुवटी स्टिअरिंगवर टेकली होती. मी एवढ्या बायका कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या असतील तर लग्नात, मांडवाच्या एका बाजूला, पदर सावरून बसलेल्या. इथं त्या रस्त्याच्या मधून चालत होत्या, आणि मी त्यांच्यात होते. दंडावर अजून त्या बोटांची जाणीव होती, तरी स्टँडपासून दाबून धरलेलं रडू आता येईनासं झालं.

आई विचारत होती, "किती हायत गं?"

"मोजता येत न्हाईत, आये."

"पावलांवनं वाटतंय, दोन-तीन कळपं असतील."

रस्त्याच्या वळणावर नरसव्वानं आम्हाला दवाखान्याच्या वाटेवरच्या दोन पोक्त बायकांच्या हवाली केलं आणि ती गर्दीबरोबर पुढं गेली. मी तिला धड नमस्कारही केला नाही.

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. तेव्हा मोतीबिंदूनंतर आठवडाभर उताणं निजून राहावं लागे, डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या. नातेवाईकांनी व्हरांड्यात राहायचं. शेजारच्या खाटेवरच्या अक्कलकोटकडच्या आजी कानडी बोलायच्या, आम्ही खुणांनी. त्यांच्याकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी पहिल्यांदा तिथं खाल्ली. अशी भाकरी महिनाभर टिकते. सोलापूरला गेलात तर पिशवी भरून आणा.

औषध आणायला रोज बाहेर जावं लागे. पहिल्या दिवशी मी फाटकातून तीनदा परत आले. चौथ्यांदा गेले. मग एका दुपारी किल्ल्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत. पाण्याच्या मधोमध देऊळ आणि त्याचं पाण्यात पडलेलं रूप. मी तासभर काठावर बसले. पण पाठीमागं पाऊल वाजलं की दर वेळी वळून बघितलं, हेही सांगायला हवं. एकदा नरसव्वाला भेटायला म्हणून पूर्व भागात गेले. बोळ सापडला नाही. सगळे बोळ सारखे, आणि प्रत्येक उंबऱ्यात सूप घेऊन एक बाई.

पट्टी सोडली, दवाखान्यानं जाड भिंगाचा चष्मा दिला. आईनं आधी माझ्याकडं पाहिलं. "वाळलीस," म्हणाली. मग म्हणाली, "त्या बाया दाव मला."

एसटी चुकली तर चुकली. आम्ही टांगा करून मोठ्या रस्त्याला गेलो आणि एका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो. भोंगा झाला. बायका आल्या. आईनं चष्मा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, पडेल म्हणून. शेवटची टोपली वळणाआड जाईपर्यंत ती पापणी न हलवता बघत होती. मग म्हणाली, "आन् कुनी त्यास्नी आडवत न्हाय." मला, की स्वतःला, कळलं नाही.

घरी परतताना मी तिला विनवलं, त्या माणसाचं कुणाला सांगू नकोस. तिनं हूं केलं नाही.

जूनमध्ये वडील आले. दवाखान्यातून आल्यावर मी शिक्षिकेच्या कोर्सचा अर्ज टाकला होता; त्याच सुमाराला सोलापुरात माझा नंबर लागल्याचं पत्र आलं. वडील म्हणाले, "एकटी पोर, येवढ्या मोट्या शेरात? न्हाय जमायचं." तेव्हा आईनं सगळं सांगितलं. स्टँड, दंड, बोळ, काही ठेवलं नाही. मला वाटलं, संपलं.

वडील म्हणाले, "मंग तर आजाबात न्हाय."

"व्हय, तसली मानसं हायत तितं," आई म्हणाली. "हितं न्हाईत व्हय? पर तितं बाया रस्त्यानं चालत्यात. मी माझ्या डोळ्यानं बगून आलीया."

वडील काठी घेऊन उठले. दोन दिवस मेंढरांमागं गेले. तिसऱ्या दिवशी नातेपुत्याच्या बाजारातून पत्र्याची पेटी घेऊन आले.

मी सोलापुरात दोन वर्षं शिकले, पुढं जिल्ह्यातच नोकरी केली. भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. अनोळखी शहरात आजही उतरले की आधी बघते, बायका कुठं बसल्यात, आणि त्या बाजूनं चालते. कधी त्या सापडतात, कधी नाही.

पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा वडील मला एसटीत बसवायला आले होते. पेटी टपावर चढवून झाली, गाडी सुरू झाली. ते खिडकीखाली उभे होते. बोलायची सवय नसलेला माणूस. गाडी हलली तसे दोन पावलं चालत आले आणि म्हणाले, "कडंकडंनं चालू नगंस. मधनं चाल."