लाइनभाऊंची एकच वाकडी रेघ

मैदानावर चुन्याच्या रेघा आखणं हे त्यांचं काम, म्हणून गल्ली त्यांना लाइनभाऊ म्हणे. तसा त्यांच्या जिभेवरही एकच इंग्रजी शब्द मुक्कामाला होता. दिवे गेले की ‘लाइन गेली’. भाचा फोटोग्राफी शिकायला लागला तर ‘लाइन बरी आहे’. उनाड भाडेकरू वेळेवर घरी यायला लागला तर ‘आला एकदाचा लाइनीवर’. समोरच्या मास्तरांनी सांगितलं, शब्द मुळात लॅटिन, अर्थ जवसाच्या धाग्याची दोरी. भाऊंनी नाक मुरडलं. दोरी ताणून रेघ कोणीही आखेल! ते पलीकडच्या टोकाला झेंडी रोवत, तिच्यावर नजर ठेवून चुन्याची गाडी ढकलत आणि खाली बघतही नसत.

या शब्दाचा एकच अर्थ त्यांना जमला नव्हता. मैदानावर मलमपट्टीला बसणाऱ्या नर्सबाई त्यांना मनापासून आवडायच्या, पण विचारायची हिंमत नव्हती. त्यात बाईही त्यांना ‘लाइनभाऊ’च म्हणत, आणि त्यातल्या ‘भाऊ’ने मेलं काळीजच बसे. आता तर बाईंची बदली झालेली. शर्यतींचा दिवस हा शेवटचा. मोठ्या बहिणीने सकाळीच बजावलं होतं, “आज तू विचार, नाहीतर मी विचारते.”

भाऊ गाडी घेऊन निघाले. झेंडीशेजारी नर्सबाई टेबल मांडत होत्या, अंगावर केशरी शाल. नजर झेंडीवरून शालीवर कधी घसरली, भाऊंना कळलंच नाही. ऊन लागलं म्हणून बाईंनी टेबल झाडाखाली ओढलं, आणि गाडीही मागोमाग वळली. चाक टेबलाच्या पायाला धडकलं तेव्हा भाऊ थांबले. मागे वळून बघतात तो निम्मी रेघ सरळ, आणि पुढे ऐटीत वळण घेत थेट बाईंच्या पायापाशी. सगळं मैदान खो खो हसत होतं.

बाईंनी विचारलं, “हे काय?”

भाऊंना जन्मात पहिल्यांदा तो शब्द आठवेना. “तुमच्याकडे बघत होतो,” ते म्हणाले. “रोजच बघतो. बदलीच्या गावी मी आलो तर... चालेल?”

बाईंनी शाल सावरली. गाल शालीच्या रंगाचे झाले होते. “अहो, आधी ही रेघ पुसा, पोरं येऊन माझ्यावर आदळतील. आणि संध्याकाळी ताईंना घेऊन घरी या.”

त्या ‘अहो’वर भाऊ झाडू मारता मारता शीळ घालू लागले. शर्यती बघायला आलेल्या ताईला कुठला संध्याकाळपर्यंत दम! ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि आपला भाऊ घोरतो, हे आधीच सांगून मोकळी झाली.