डास न मारणारे सरवदे सर

सरवदे सरांच्या हातावर डास बसला, तर ते मारत नसत. बाही वर सारून त्याला जागा करून देत. आम्ही स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवून हैराण, आणि हा गृहस्थ शांतपणे म्हणायचा, "काहून मारता? मादी हाय, पोट भरू द्या तिचं. उपाशी मादीत काय दिसत न्हाई." तिचं जेवण उरकलं की काचेची नळी अलगद पालथी घालायची, कापसाचा बोळा लावायचा आणि नळी खिशात. मी मराठी शिकवणारा माणूस. या प्राण्यापासून चार हात लांब राहायचं, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पुढे त्यांच्याशिवाय मला चहा गोड लागेना.

सर हदगावकडचे. उदगीरजवळच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, अजून कायम झाले नव्हते. डासांची गुणसूत्रं हा त्यांचा ध्यास. दोन डास बाहेरून अगदी जुळे, पण सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांचे पट्ट्यापट्ट्यांचे धागे पाहिले, तर एकात पट्ट्यांचा तुकडा उलटा बसलेला. त्यावरून हिवताप पसरवणारा कोणता आणि जवळजवळ निरुपद्रवी कोणता, ते कळायचं. सर म्हणायचे, "तोंड बघून जात सांगणारे लई भेटले. त्यांना म्हणावं, डासाची सांगा."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ जुनाच होता. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना आता जिल्ह्याचे पुढारी व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी बंगल्यापुढे कारंजं बांधलं. बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघायच्या आणि टँकर आधी कारंज्याला पाणी पाजायचा. वीज नसल्यामुळे ते उडायचं मात्र नाही, नुसतं साचून राहायचं.

तेवढ्यात गावात हिवतापाची साथ आली. अध्यक्षांनी निदान करून टाकलं, की डास बौद्धवस्तीच्या विहिरीतून येतात, ती बुजवा. सगळ्या वस्तीचं पिण्याचं पाणी त्या एका विहिरीवर होतं. पण नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब पाहणीला येणार होते, म्हणून शास्त्राचा शिक्का हवा होता. सरांना निरोप आला: विहिरीचं नाव घ्या, जूनमध्ये कायमची ऑर्डर घ्या. मीसुद्धा शहाणपण शिकवायला गेलो, म्हटलं, सर, घरी दोन लेकरं आहेत.

"हाव, हायत," सर म्हणाले. "वस्तीतल्यांनाबी हायत."

मग सर नळ्या घेऊन गावभर हिंडले. पाटलाच्या गोठ्यात त्यांना डास धरू दिले, पण चहा बाहेर ओट्यावर दिला. सरांनी तो पिऊन वर आभार मानले. विहिरीतल्या अळ्या त्यांनी आणल्या, तशाच कारंज्यातल्याही आणल्या. बंगल्याच्या माळ्याला वाटलं, सर साफसफाईच करून राहिलेत.

साहेब आले. प्रयोगशाळेत दोन सूक्ष्मदर्शक मांडलेले. नवशिक्याला त्यात बहुतेक वेळा स्वतःच्या पापण्याच दिसतात. सर काही सांगणार, तोवर अध्यक्ष पुढे घुसले. बराच वेळ डोळा मिचकावून गरजले, "दिसला! हिवतापाचा डास तो हाच!" मग काय, प्राचार्यांना दिसला, सरपंचांना दिसला, मलाही दिसला. साहेबांनी पाहून मान डोलावली.

"अध्यक्षसाहेबांनी बरोबर वळखला," सर हळूच म्हणाले. "हिवतापाचा ह्योच. ह्यो कारंज्यातला हाय. शेजारच्या काचेवरचा विहिरीतला, त्याच्यापासून भ्या न्हाई."

आता अध्यक्षांनी माघार घ्यायची, तर काहीच दिसलं नव्हतं असं कबूल करावं लागणार. ते घामाघूम झाले. साहेबांनी तिथल्या तिथे कारंजं उपसायला सांगितलं आणि विहिरीला हात लावायचा नाही असं बजावलं. मला तर नाचावंसं वाटलं! साहेबांची जीप गेल्यावर अध्यक्ष दातओठ खात म्हणाले, "शेवटी आपल्याच लोकांची विहीर वाचवलीत ना?" सर म्हणाले, विहिरीतला डास वाईट निघाला असता तर तेही असंच सांगितलं असतं. ते खरंही होतं, आणि अध्यक्षांना तेच जास्त झोंबलं असावं.

जूनमध्ये ऑर्डर आली नाहीच. उलट, सरांची गरज नसल्याचं त्यांना कळवण्यात आलं. अध्यक्ष मात्र गावोगावी भाषणात सांगू लागले, की हिवतापाचा डास मी स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढला. लोक टाळ्या वाजवत.

सरांना सोडायला मी उदगीरच्या स्टँडवर गेलो. ट्रंक वर चढवली आणि मला राहवलं नाही. राग आला होता. म्हटलं, "सर, एवढं करून तुम्हाला काय मिळालं हो?"

सरांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"मला काहून मिळावं? तहान वस्तीला लागली व्हती."