ओठाचं काम

आमच्या दुकानात खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवून मिळतात. मी शिलाई मशीनवर बसतो, खोळी शिवतो. समोर, उलट्या ठेवलेल्या सांगाड्यापाशी बसतो तो मौनी. हे त्याचं खरं नाव नव्हे. दिवसभर तोंडात खिळे असल्यामुळे त्याला बोलता येत नाही, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तो "हं" म्हणतो किंवा "हंहं" म्हणतो. त्यातलं हो कुठलं आणि नाही कुठलं, ते मी सांगतो.

खिळे तोंडात धरण्याची ही पद्धत आता फार जणांकडे राहिलेली नाही. बारीक, मूठभर खिळे गालात घ्यायचे. जिभेने एकेक फिरवून त्याचं डोकं पुढे करायचं आणि ओठावर आणून ठेवायचं. चुंबकी हातोडीने तो तिथूनच उचलायचा आणि ठोकायचा. दुसरा हात कापड ताणून धरायला मोकळा राहतो. सगळी भिस्त ओठावर असते. टोक पुढे आलं की डोकं, हे ओठालाच कळतं. मी एकदा करून पाहिलं होतं. पुन्हा केलं नाही.

मौनीच्या खालच्या जबड्यात उजवीकडे, अगदी मागे, एक अक्कलदाढ तरुणपणापासून अर्धीच वर आलेली होती. दर काही महिन्यांनी तिथली हिरडी सुजायची. त्याने त्याचं कारण स्वतःच ठरवून टाकलं होतं. उजव्या गालात खिळे असतात, ते गंजके असतात, म्हणून सूज येते. उपायही त्याचाच. सूज आली की खिळे डाव्या गालात घ्यायचे. मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या, लवंग धरायची. चार दिवसांत सूज उतरली की खिळे परत उजवीकडे आणि दाढ विसरली. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मलाही ते बरोबरच वाटायचं. खिळ्यांशिवाय आणखी कशाने दुखणार?

यंदा मात्र जबडाच उघडेना. एका सभागृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं होतं, भिंतीला टेकून त्यांची रास लागली होती, आणि याच्या तोंडात चमचासुद्धा जाईना. मौनीची बायको, आमच्या वहिनी, दुकानात आल्या. त्या कधी येत नाहीत.

"मास्तर, यांना घेऊन जा. माझं ऐकत नाहीत."

"हंहं," मौनी म्हणाला. तोंडात खिळा नव्हता तरी.

"तोंडभर खिळे चालतात, आणि डॉक्टरची एक सुई चालत नाही! काय म्हणावं या माणसाला?"

मी मशीनवर कापड झाकलं आणि त्याला घेऊन गेलो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत बाक होता, त्याचं रेक्झिन एका कोपऱ्यात फाटलेलं. मौनी गाल धरून बसला होता, पण बोट त्या फाटलेल्या जागी फिरवत होता. सवय, दुसरं काय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी जबड्याचा एक्स-रे फोटो काढला आणि आम्हाला दोघांनाही दाखवला. दाढ सरळ नव्हतीच. आडवी पडून शेजारच्या दाढेला ढुशी देत होती.

"खिळ्यांनी नाही झालेलं हे," त्या म्हणाल्या. "हिरडीची झडप आहे ना, तिच्याखाली अन्न अडकतं. ब्रश पोचत नाही. आणि ही शेजारची बघा, किडायला लागली."

"सगळ्यांनाच काढावी लागते का हो?" मी विचारलं. मला स्वतःची काळजी वाटू लागली होती.

"छे. सरळ आलेली, त्रास न देणारी, ब्रश पोचणारी असली तर कशाला काढायची? राहू दे. यांची मात्र विशीतच काढायला हवी होती. तेव्हा मुळं आखूड असतात, हाड मऊ असतं. पुन्हा पुन्हा सुजते म्हणजे ती सांगतच असते." मग मौनीकडे वळून त्या म्हणाल्या, "पण आज नाही हं. आधी गोळ्या घेऊन सूज उतरवू."

मौनीचा चेहरा उजळला. आज नाही, एवढंच त्याने ऐकलं असावं.

मग बाईंनी फोटोतली एक फिकट रेघ दाखवली. ती नस. दाढेची मुळं तिला अगदी चिकटलेली. खालच्या ओठाला संवेदना तिथून जाते. दाढ काढताना तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी, उजवी बाजू, बधिर राहू शकते. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींचं काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत येतं. क्वचित कुणाचं येत नाही.

मौनीने दात न उघडता विचारलं, "खालचा ओठ?"

"हो. काम काय करता?"

त्याने खिशातून एक खिळा काढून ओठावर धरून दाखवला. बाई बघत राहिल्या.

"आणि गिळला तर?"

"अजून नाही गिळला."

"अजून!" त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून त्यांनी सांगितलं की आणखी एक मार्ग आहे. दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं तशीच आत ठेवायची. नसेचा धोका कमी होतो, जात नाही. पुढे मुळं वर सरकली तर पुन्हा यावं लागेल.

उतरताना मौनी जिन्यात मध्येच बसला. मीही बसलो. माझे गुडघे तसेही कुरकुरत होते.

"मास्तर, ओठ गेला तर मी काय करू?"

"पिना मारायची बंदूक घे. सगळे घेतातच की."

"त्याने लाकूड फुटतं."

"नव्या लाकडाला नाही फुटत."

"आपल्याकडे नवं लाकूड येतं कधी?"

आपल्यालाही कुणी जुनेच म्हणणार, असं काहीतरी मनात आलं. मी कठडा धरून उठलो आणि त्याला हात दिला.

गोळ्यांनी सूज उतरली. आणि अपेक्षेप्रमाणे मौनीसाहेब म्हणाले, "आता बरं आहे." खिळे तोंडात गेले, ठोकणं सुरू झालं. वहिनी पुन्हा आल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या एका मढवलेल्या खुर्चीवर बसल्या.

"अहो, मी थकले. तुम्ही झोपेत कण्हता. मी उठून चूळ भरायला पाणी गरम करते. सकाळी तुम्ही म्हणता, कुठे काय. किती वर्षं करू? ओठ तुमचा आहे, मान्य. पण झोप माझी आहे ना?"

मौनीने खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"मुळं ठेवायची म्हणाल्या होत्या ना?" त्याने मला विचारलं. "तसंच करू."

दाढेचा वरचा भाग निघाला. त्याला सुई टोचली तेव्हा कळलीसुद्धा नाही, असं तो नंतर जरा नाराजीनेच म्हणाला. पण भूल उतरली तरी उजवीकडच्या ओठाचा बधिरपणा उतरला नाही. चहा पिताना थेंब हनुवटीवरून ओघळायचा आणि त्याला कळायचं नाही. वहिनी बोलता बोलता पदराने पुसायच्या. त्यांच्या डोळ्यांखालचं काळं मात्र कमी झालं होतं. तोंड पूर्ण उघडत होतं, शेजारची दाढ बाईंनी भरून दिली होती. एवढं सगळं चांगलं झालं होतं, आणि एक ओठ नव्हता.

टाके विरघळून जखम भरल्यावर तो दुकानात आला. बाईंनी अजून खिळे घेऊ नका म्हणून बजावलं होतं. त्याने घेतले. एक ठोकला, दुसरा ठोकला. तिसऱ्याला मी मशीन थांबवलं.

"अरे, रक्त."

"कुठे?"

"ओठाला."

त्याने बोट लावून पाहिलं. मग सगळे खिळे एका डब्याच्या झाकणात थुंकले आणि झाकण मांडीजवळ ठेवलं. बोटाने एकेक उचलायला लागला. कापड सुटायचं, पुन्हा ताणायचं, पुन्हा सुटायचं. मी मशीन सोडून कापड धरायला जाऊ लागलो. आता एक खुर्ची होईपर्यंत पूर्वी तीन झाल्या असत्या. सभागृहाच्या माणसाने फोन करून विचारलं, काय झोपलात की काय? मी म्हटलं, हो, तसंच समजा.

आता रोज दुकान उघडलं की तो एक खिळा धुऊन ओठावर ठेवतो आणि डोळे मिटतो. काही जाणवत नाही, तो मान हलवतो आणि खिळा झाकणात टाकतो. परवा मात्र त्याने डोळे उघडेच ठेवले.

"मास्तर, मुंग्या येताहेत."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

त्याने बाईंना फोन लावला. मी त्याचा चेहरा बघत होतो. बाई म्हणाल्या, नस जागी होते आहे, पण कितपत होईल ते आत्ता सांगता येणार नाही, वाट बघा.

"वाट बघा म्हणतात," त्याने सांगितलं, आणि खुर्ची पुढे ओढली. मी कापडाचं टोक धरलं.